बॅकफायर: फसलेले बेत आणि उलटलेले बेत

अनुस्वार

हल्ली वर्तमानपत्रांत आणि चॅनेलांवर 'बॅकफायर' हा शब्द कशालाही लावतात. सभेला गर्दी जमली नाही, बॅकफायर. सिनेमा पडला, बॅकफायर. उमेदवार हरला, तरी बॅकफायर. मला हे फार खटकतं. बेत फसणं वेगळं आणि बेत उलटणं वेगळं. सभेला माणसंच आली नाहीत तर बार फुसका निघाला एवढंच. पण सभेत जे बोललात त्यामुळे हातची मतंही गेली, तर डाव अंगलट आला. फसण्याला पाऊस, पैसा, नशीब, काहीही कारण असू शकतं. उलटण्याला कारण एकच, आपण केलेला उपाय. म्हणून तिथे जाब विचारायला हवा. सगळ्याला एकाच मापाने मोजलं की 'प्रयत्न केला, नाही जमलं' म्हणून सुटता येतं.

या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ खऱ्या आगीचा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांत राहणारे लोक लांबून वणवा येताना दिसला की आपल्या वस्तीपुढचं गवत स्वतःच पेटवायचे. वणवा तिथवर पोचेपर्यंत मधलं गवत जळून गेलेलं असायचं, त्याला पुढे खायला काही उरायचं नाही. म्हणजे मूळची बॅकफायर ही वाचवणारी आग. मोटारी आल्यावर इंजिनाचा अर्थ जोडला गेला आणि बेत उलटण्याचा अर्थ त्यानंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला.

उलटलेल्या बेताचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उदाहरण व्हिएतनाममधल्या हनोईचं. फ्रेंच सरकारने तिथल्या युरोपीय वस्तीखाली नवी पक्की गटारं बांधली. गटारांत उंदरांचं फावलं आणि ते नळांतून थेट घरांत यायला लागले. प्लेगची भीती होतीच. १९०२ साली आधी पगारी माणसं गटारांत उतरवून उंदीर मारले, ते पुरेना. मग सर्वांसाठी बक्षीस जाहीर झालं: उंदराची शेपटी आणून द्या, एक सेंट घेऊन जा. अख्खे मेलेले उंदीर कचेरीत कोण मोजणार, म्हणून नुसती शेपटी. शेपट्यांचे ढीग यायला लागले आणि शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसायला लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याची वीण चालू राहील. शहराबाहेर तर काहींनी उंदीर पाळायलाच घेतल्याचं उघडकीला आलं. शेवटी बक्षीस बंद करावं लागलं.

यात योजना नीट राबवली गेली नाही असं कोणी म्हणू शकत नाही. ती अगदी नीट राबवली गेली. सरकारने शेपट्यांना पैसे दिले, लोकांनी शेपट्या दिल्या.

इंजिन, जंगल, लष्कर, मानसशास्त्र, जिथे जिथे हा शब्द आहे तिथले जाणकार इथे आहेत. भर घालावी ही विनंती.

टॅपेट

चांगला धागा. इंजिनाचं मी सांगतो, कारण तिथेही लोक दोन गोष्टींची गल्लत करतात.

गाडी 'मिसिंग मारते' म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायच्या वेळी पेटतच नाही. प्लगवर काजळी, कॉइल कमजोर, पेट्रोलमध्ये पाणी. गाडी झटके खाते, पिकअप घेत नाही. हा तुमचा फुसका बार.

बॅकफायरमध्ये मिश्रण पेटतं, पण नको तिथे. इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा टायमिंग चुकलं असेल तर ज्वाळा उलटी कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळते तिकडे, येते. खरं बॅकफायर ते. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरमध्ये डोकावत असताना कोणाला गाडी चालू करायला सांगू नका, भुवया जातात. दुसरा प्रकार सायलेन्सरमधला: न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे फुटतं. त्याला आपण 'फटाके मारते' म्हणतो. एक्झॉस्टच्या जोडावर गॅस्केट गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की फाट् फाट् चालू होतं. मिश्रण फार पातळ असलं तरी तेच.

बुलेटवाली पोरं हे मुद्दाम करतात. चालत्या गाडीचं बटण बंद करायचं, दोन क्षण पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जाऊ द्यायचं, मग बटण चालू. रात्री दवाखान्यासमोरून असा आवाज काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि नव्या गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो अशाने वितळून बसतो. त्याचं बिल आलं की समजतं.

हाडवैद्य

टॅपेट, तुमच्या पोस्टला आमच्या धंद्यातून पुरवणी. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला हाड मोडण्याचा एक प्रकार आहे, त्याला 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याचं दुसरं नाव 'बॅकफायर फ्रॅक्चर' असंही सापडतं. पूर्वी मोटार हँडल मारून चालू करायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टन वर पोचायच्या आत मिश्रण पेटायचं आणि इंजिन उलटं फिरायचं. हँडल हातातून उलटा हिसका मारायचं आणि मनगट गेलंच. मालकाची गाडी चालू करायचं काम शोफरचं, म्हणून हाडही त्याचंच मोडायचं आणि नावही त्याचंच पडलं.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला आणि पुढे हळूहळू हँडल गेलं. फ्रॅक्चर मात्र अजून येतं, दुचाकीवरून हातावर पडलेल्यांमध्ये.

टॅपेट

बरोबर. म्हणून त्या गाड्यांना स्टिअरिंगजवळ ठिणगी मागे-पुढे करायचा दांडा असायचा. हँडल मारण्याआधी तो 'मागे' घ्यायचा. आणि हँडल धरायची पद्धत ठरलेली होती: अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. म्हणजे उलटा हिसका आला तर हँडल बोटांतून सुटून जातं, हाताला घेऊन जात नाही. विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं ज्यांनी हँडलने चालू केली आहेत त्यांना वडीलधाऱ्यांनी हेच शिकवलेलं असेल.

ऊसकरी

शिकवलंय! 'अंगठा बाहेर' हे आमच्या आबांचं वाक्य होतं. का ते आज समजलं.

शंकासुर

अनुस्वार, दिल्लीच्या नागांची गोष्ट कशी विसरलात? इंग्रजांनी नाग मारायला बक्षीस लावलं, लोकांनी नाग पाळले, बक्षीस बंद झाल्यावर सोडून दिले. मॅनेजमेंटच्या प्रत्येक वर्गात हीच सांगतात.

अनुस्वार

विसरलो नाही, मुद्दाम टाळली. 'कोब्रा इफेक्ट' हे नाव होर्स्ट सीबर्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने रूढ केलं, पण दिल्लीत असं घडल्याचा त्या काळातला भक्कम कागद कोणी पुढे आणलेला माझ्या पाहण्यात नाही. हनोईची नोंद वसाहतीच्या दप्तरातच आहे. सापांवर बक्षिसं मात्र खरोखर होती, आणि त्यासाठी दिल्लीला जायला नको. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला सरकार पैसे देत असे आणि मेलेल्या फुरशांचा आकडा लाखांत गेला होता. पण कोकणात कोणी फुरसं पाळलं असं कुठे वाचलेलं नाही. ज्या उदाहरणाचा पुरावा नाही ते वर्गात शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पुरावा असलेली भरपूर आहेत.

पेठकर

भरपूर आहेतच, आणि त्यातलं एक आमच्या पुण्याचं आहे. ते या धाग्यात यायलाच हवं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत साताऱ्याहून आणलेल्या रँडकडे प्लेग समितीचं काम दिलं. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधायचे, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, जमीन उकरायचे. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, काही बघितलं जात नव्हतं. रोगी वेगळा करणं हे शास्त्राला धरूनच होतं, हे आजही कोणी नाकारणार नाही. पण झालं काय? लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. माळ्यावर, अडगळीत, मागच्या परसात. मृत्यू लपवले. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून नातेवाइकांकडे पळाले. रोग्यांना हुडकण्यासाठी केलेल्या उपायाने रोगी दिसेनासे केले.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच्यासोबतचा आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. आपण हा प्रसंग क्रांतीच्या पानावर वाचतो आणि तो तिथलाच आहे. पण सार्वजनिक आरोग्याच्या पानावरही तो वाचला पाहिजे असं मला फार वाटतं. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल झाली. त्यानंतर कुठे सरकारला पटलं की सक्तीने हे जमत नाही, आणि घरझडत्यांचा जाच सैल केला.

अनुस्वार म्हणतात तो जाब इथे लागू होतो. प्लेग आटोक्यात आला नाही याचा दोष जंतूवर टाकता येईल. लोकांनी रोगी लपवले याचा नाही टाकता येत.

पारिजात

पेठकर, +१. वाचून अंगावर काटा आला.

दर्यावर्दी

लष्करी अर्थाची छोटी नोंद. रशियाच्या टुपोलेव टीयू-२२एम या बॉम्बर विमानाला नाटोने 'बॅकफायर' हे नाव दिलं आहे. यात बेत फसण्याचा काही संबंध नाही. रशियन बॉम्बरची नावं 'बी'ने सुरू करायची असा त्यांचा नियम, आणि जेट असेल तर दोन अवयवांचा (सिलेबलचा) शब्द, पंख्याचं असेल तर एक अवयवाचा. म्हणून बॅक-फायर हे जेट आणि 'बेअर' हे पंख्याचं. बेअर घराण्यातलं टीयू-१४२ आपल्या नौदलात होतं आणि १९८८ मध्ये आलं ते गोव्यात दाभोळीला. दाभोळीच्या आसपास वाढलेल्यांना त्याची घरघर आठवत असेल. नंतर ती विमानं तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली.

रानवाटा

मी विदर्भात जंगलात काम करतो. मूळ अर्थाबद्दल अनुस्वार यांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे तो अर्थ अजून जिवंत आहे. आम्ही त्याला 'काउंटर फायर' म्हणतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आमचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे, साफ करून जाळून ठेवायच्या. आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून पेटवतात, कधी नुसती विडी. आग जमिनीलगत चालत असेल तर हिरव्या फांद्यांनी झोडपून, ब्लोअरने पाला मागे सारून विझते. पण बांबूत शिरली की पेरं बंदुकीसारखी फुटतात आणि जवळ उभं राहता येत नाही. तेव्हा पुढे जाऊन काउंटर फायर द्यावी लागते.

ही देणं म्हणजे नुसती काडी ओढणं नव्हे. आधी आधार लागतो: रस्ता, नाला किंवा जाळरेषा. त्या रेषेवरचा पाला ब्लोअरने माती दिसेपर्यंत साफ करायचा. सगळी माणसं मोजून रेषेच्या मागे घ्यायची. मग रेषेला लागूनच, वणव्याच्या बाजूला पेटवायचं. मोठा वणवा जवळ आला की तो स्वतःकडे हवा ओढतो, ती ओढ पायाशी लागते, पाला तिकडे सरकायला लागतो. तो क्षण पकडायचा. फार आधी लावली तर तुमचीच आग वाऱ्यावर मागे उडी मारते. फार उशिरा लावली तर पुरेसा पट्टा जळत नाही आणि दोन्ही आगी मिळून येतात. सागाची वाळलेली मोठी पानं पेटती उडतात, म्हणून रेषेच्या मागे निम्मी माणसं जंगलाकडे तोंड करून उभी असतात. त्यांचं काम फक्त मागे पडणाऱ्या ठिणग्या बघणं.

बेत उलटू नये म्हणून निम्मी माणसं राखून ठेवणं, हे मी दुसऱ्या कुठल्या खात्यात बघितलेलं नाही.

अनुस्वार

रानवाटा, अप्रतिम. शेवटचं वाक्य तर प्रत्येक योजनेच्या फाइलवर लिहावं असं आहे.

पारिजात

आग लावून त्यातच उभं राहून वाचल्याची एक अमेरिकन घटना वाचली होती. ती हीच का?

रानवाटा

थोडी वेगळी, पण आमच्या प्रशिक्षणात ती सांगतात. मोंटाना राज्यातलं मान गल्च, ५ ऑगस्ट १९४९. पॅराशूटने उतरणारे अग्निशामक, त्यांचा प्रमुख वॅग डॉज. उतारावरच्या वाळक्या गवतातून आग त्यांच्या मागे धावत आली. पळून कडा गाठणं शक्य नाही हे दिसल्यावर डॉजने पळता पळता थांबून पुढचं गवत पेटवलं आणि जळून गेलेल्या राखेत पालथा पडला. ओला रुमाल तोंडाशी. सोबत्यांना हाका मारल्या, पण समोर आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असणार, कोणी त्याच्यामागे आलं नाही. तेरा जण गेले. कडा गाठून दोघं वाचले आणि राखेत पडलेला डॉज वाचला.

ही काउंटर फायर नाही, कारण तिने वणवा अडवायचा नव्हता, फक्त अंगापुरती जळकी जागा करायची होती. पुढे मेलेल्यांच्या नातेवाइकांपैकी काहींनी आरोप केला की डॉजच्याच आगीने मुलांची वाट अडवली. म्हणजे एकाच आगीवर दोन्ही अर्थांनी भांडण झालं.

खरोखर उलटलेली आग हवी असेल तर न्यू मेक्सिकोतली सेरो ग्रांदे. मे २००० मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याने पुढचे वणवे टळावेत म्हणून ठरवून जंगलाचा तुकडा जाळायला घेतला. वारा वाढला, आग सुटली आणि लॉस अलामोसमधली सुमारे ४०० कुटुंबं बेघर झाली. सरकारने जबाबदारी मान्य करून भरपाई दिली, हे मात्र सांगायला हवं.

माळरान

कच्छमध्ये बरीच वर्षं काढली, तिथलं एक. बन्नी हा एकेकाळचा आशियातल्या नावाजलेल्या गवताळ प्रदेशांपैकी एक. रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वन खात्याने विलायती बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली. खारट जमिनीत टिकते, पाणी मागत नाही, जनावरं पाला खात नाहीत. तीन्ही गुण खरे ठरले आणि तीन्ही नडले. म्हशी शेंगा खातात, बी शेणातून पसरतं, आणि जिथे बाभूळ तिथे खाली गवत नाही. कच्छीत तिला 'गांडो बावळ' म्हणतात, आपल्याकडे वेडी बाभूळ. आता काढायला जावं तर तिच्या कोळशावर जगणारी कुटुंबं आहेत. उलटलेला बेत नंतर पुन्हा सरळ करता येईलच असं नसतं, ते बन्नीत दिसतं. तिथल्या मालधारींशी, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांशी, बोलताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

मनकवडा

मानसशास्त्रातला 'बॅकफायर इफेक्ट' राहिला. ब्रेंडन नायहन आणि जेसन रीफ्लर यांचा २०१० चा अभ्यास: चुकीची समजूत असलेल्या माणसाला खरी माहिती दाखवली तर काही वेळा त्याची चुकीची समजूत आणखी घट्ट होते. इराकमधल्या संहारक शस्त्रांच्या प्रश्नावर त्यांना तसं आढळलं. ही कल्पना जगभर पसरली आणि बरेच लोक म्हणायला लागले की अफवा खोडूच नका, उलटंच होतं.

पण पुढे टॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषयांवर हाच प्रयोग केला आणि असा उलटा परिणाम त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. बहुतेक माणसं खरी माहिती मिळाल्यावर थोडी तरी तिच्याकडे सरकतात. पहिल्या संशोधकांनीही हे मोकळेपणाने मान्य केलं. त्यामुळे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी औषधाबद्दल खोटं काही पाठवलं तर गप्प बसू नका. मामांना फोन करा, आदराने सांगा, पण सांगा.

पेठकर

हे वाचून दिलासा मिळाला. आमच्या ग्रुपवर लसीबद्दल लिहायचं मी सोडून दिलं होतं. आता पुन्हा लिहितो.

ऊसकरी

रानवाटा दादा, एक कामाचा प्रश्न. आम्ही उसाचं पाचट पूर्वी जाळायचो तेव्हा वाऱ्याच्या खालच्या बांधाकडून आधी पट्टा जाळून घ्यायचो, म्हणजे शेजाऱ्याच्या उसात आग जायची नाही. आता पाचट कुजवतो, जमीन सुधारली आहे. पण मेव्हण्याची आंबा-काजूची बाग डोंगराला लागून आहे आणि दरवर्षी वरून वणवा उतरतो. त्याने तुम्ही सांगता तशी समोरून आग द्यावी का?

रानवाटा

अजिबात नको. तुमचा बांधाकडचा पट्टा आणि आमची काउंटर फायर यांचं तत्त्व एकच, पण सपाट रानात आणि चढावर फरक पडतो. चढावर आग वर धावते आणि जळते ओंडके, शेणी खाली गडगडत येतात. शिवाय वरचं जंगल राखीव असेल तर तिथे आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

मेव्हण्यांना सांगा, गवत वाळायला लागलं की डिसेंबर-जानेवारीतच बागेच्या वरच्या अंगाला, आपल्याच हद्दीत, गवत कापून माती दिसेपर्यंत पट्टा काढा. कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवू नका, बाहेर न्या. पट्ट्यावर मार्चमध्ये पुन्हा एकदा झाडलोट, कारण पानगळीने तो परत भरतो. झाडांच्या आळ्यातला वाळका पाला बुंध्यापासून दूर ओढा. वरच्या बागवाल्यांना सोबत घ्या, एकट्याचा पट्टा आग वळसा घालून ओलांडते. आणि भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून दिसलेल्या आगीचे इशारे मोबाइलवर पाठवतं, त्यासाठी कोणालाही नोंदणी करता येते. ती आजच करायला सांगा, आणि वनरक्षकाचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

ऊसकरी

आभारी आहे दादा. मेव्हण्याला हा धागाच पाठवतो.